कपाटातला कॅमेरा विकून टाकू का?

पत्र थोडक्यात असं आहे. चिपळूणचे एक दादा, वय चव्वेचाळीस, नोकरी करतात, घरी आई, बायको आणि आठवीतली मुलगी. २०१५ साली हौसेने निकॉनचा डी३३०० घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२०० अशा दोन झूम लेन्स. पहिली चार-पाच वर्षं भरपूर फोटो काढले, मग हळूहळू सगळं फोनवर आलं आणि कॅमेरा बॅगेसकट कपाटात गेला. गेले दोन पावसाळे तो उघडलेलाच नाही. आता हातात ऐंशी हजार आहेत. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, तो डबा विक आणि चांगला फोन घे, दोनशे मेगापिक्सल येतात आता, तुझा चोवीसचा." दादांच्या मनात नवा मिररलेस कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला, नव्या जातीचा. वहिनींचं म्हणणं, आहे तो वापरत नाही मग दुसरा कशाला. मुलगी भरतनाट्यम शिकते, गेल्या गॅदरिंगला फोनवर काढलेले तिचे सगळे फोटो हललेले आले. शिवाय चारचौघांत कॅमेरा काढायची लाज वाटते, "लग्नाचे फोटोग्राफर आले" म्हणून नातेवाईक चेष्टा करतात. वडिलांकडे याशिका होता, गणपतीच्या आधी ते एक रोल आणायचे आणि दिवाळीपर्यंत पुरवायचे. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ, "ते अल्बम २०२१ च्या पुरात भिजले, पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेत, असो." प्रश्न असा की फोनने कॅमेऱ्याची जागा घेतलीच आहे, तर मी उगाच जुन्यात अडकून पडलोय का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून माझंच कपाट उघडलं. माझ्याकडे २००९ साली घेतलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे, पर्समध्ये मावणारा, तेव्हा आठ-नऊ हजार मोजले होते आणि आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरले होते. बॅटरी फुगून बसलीये, बाहेरच निघत नाही. त्याची जागा फोनने घेतली का? घेतली, पूर्णपणे घेतली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. म्हणजे भाचा चुकीचं बोलत नाहीये हे आधीच कबूल करून टाकते.

जपानी कॅमेरा कंपन्यांची सीपा नावाची संघटना आहे, ती दरवर्षी किती कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडले त्याचे आकडे देते. २०१० साली बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे गेले होते. २०२३ ला ऐंशी लाखसुद्धा नाहीत. पण या बारा कोटींत बहुतेक सगळे माझ्यासारखे होते, छोटे, एकाच लेन्सचे. बारशाला, सहलीला, वाढदिवसाला लागणारे. ते गेले. लेन्स बदलता येणारे कॅमेरे, म्हणजे तुमच्या जातीचे, तेही कमी झाले, २०१२ च्या दोन कोटींवरून २०२३ ला साठ लाखांच्या आसपास आले, पण ते तग धरून आहेत कारण ज्यांना ते लागतात त्यांना फोन पुरत नाही. त्यामुळे "फोनने कॅमेरा संपवला" असं कोणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठला कॅमेरा?

आता ते दोनशे आणि चोवीस. हे भाच्याला वाचून दाखवा हवं तर, रागवायचा नाही तो. पावसात पागोळ्यांखाली एक परात ठेवा आणि शेजारी एक वाटी ठेवा. दहा मिनिटांत जास्त पाणी कशात जमेल? वाटीच्या तळाला तुम्ही दोनशे चौकोन आखले म्हणून तिच्यात परातीएवढं पाणी येत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत प्रकाश झेलणारा भाग, आपली परात, साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटरच्या आसपास. चांगल्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर सत्तरच्या आसपास असतो, मधल्या किमतीच्या फोनचा त्याच्याही निम्मा. म्हणून तर दोनशे मेगापिक्सलवाला फोन नेहमीचा फोटो काढताना शेजारशेजारचे सोळा पिक्सल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सलचाच फोटो देतो. दोनशे हा आकडा खोक्यावर छापायला जास्त उपयोगी.

पण थांबा, लगेच खूश होऊ नका, कारण यात एक गोम आहे आणि ती मला स्वतःला आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने समजावून सांगितली तेव्हा कळली, त्याची वीस वर्षं लग्नांचे फोटो काढण्यात गेलीयेत. परात मोठी आहे खरी पण तिच्यावर झाकण किती आहे? तुमच्या दोन्ही लेन्स पुढे झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडतात, आणि एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी. फोनची मुख्य लेन्स एफ १.८ च्या आसपास असते, म्हणजे कितीतरी जास्त उघडी. हिशोब केला तर अंधाऱ्या खोलीत तुमची पूर्ण झूम केलेली किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते ती, चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षा कमीच प्रकाश आत घेते. तुम्ही २०१९-२० च्या सुमाराला कॅमेरा सोडलात ना, मला वाटतं तेव्हा नेमकं हेच झालं असणार. फोनवर संध्याकाळचे फोटो बरे यायला लागले, कॅमेऱ्यावर तेच काळपट नाहीतर हललेले, आणि तुम्हाला वाटलं कॅमेरा हरला. कॅमेरा नाही हरला दादा, त्याच्यासोबत फुकटात आलेली लेन्स हरली. किती जणांचे कॅमेरे या एका कारणाने कपाटात गेले असतील कोण जाणे, हे वाचणाऱ्यांत पण असतील.

आणि फोन जिथे जिंकतो तिथे तो सरळ जिंकतो हेही सांगते. आई दारात बसल्यात, मागे अंगणात लख्ख ऊन, असा फोटो काढून बघा. कॅमेऱ्यात एक तर चेहरा काळा येणार नाहीतर अंगण पांढरं फटक. फोन एका क्षणात बरेच फोटो घेतो, कमी-जास्त उजेडाचे भाग जुळवतो आणि दोन्ही नीट दाखवतो. हे सगळं तो न विचारता करतो. गूगलने २०१८ मध्ये पिक्सल फोनवर ते नाईट साईट आणलं, मग इतरांनीही तसंच काहीतरी आणलं, तेव्हापासून दिव्यांची रांग, रात्रीचं देऊळ, मखरातली मूर्ती असले न हलणारे फोटो तर फोनवरच काढावेत, ट्रायपॉडची कटकट नको. बाजारातले मासे, दुकानाचा बोर्ड, पोराचं पहिलं पाऊल, पाहुणे येऊन गेले तो क्षण, याला फोनच. खिशात असतो आणि लगेच पाठवता येतो, संपलं.

तुमच्या मुलीच्या फोटोंचं काय झालं तेही यातच आहे. कमी उजेडात फोन अनेक फोटो एकावर एक रचतो, त्यासाठी समोरचं माणूस जागेवर पाहिजे. समई हलत नाही, म्हणून समई सुंदर येते. अलारिपू करणारी मुलगी हलते, फोनला कुठला हात घ्यायचा कळत नाही आणि तो सगळेच हात घेतो. त्यात तुम्ही बसलेले बाराव्या रांगेत, तिथून झूम करायचं म्हणजे फोन चित्र कापतो आणि ताणतो, नाहीतर त्याची झूमची वेगळी लेन्स असेल तर तिचा सेन्सर अजून लहान. ऐंशी हजारांचा फोन घेतलात तरी या एका कामात फरक पडेल पण तुम्हाला वाटतंय तेवढा नाही पडणार. हे तुम्हाला दुकानात कोणी सांगणार नाही कारण दुकानात भरतनाट्यम चालू नसतं.

तर माझं मत. नवा मिररलेस नको, आत्ता तरी नको. वहिनींचा मुद्दा बरोबर आहे, धूळ खाणारी एक वस्तू घरात असताना त्याच कामाची दुसरी महाग वस्तू आणली की पहिल्या तीन महिन्यांनंतर तीही तिथेच जाऊन बसते, बॅग तेवढी नवी. आणि विकूही नका. जुन्या डीएसएलआरला, म्हणजे तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्याला, आता किंमत येत नाही, सगळा बाजार मिररलेसकडे गेलाय, जे हातात येईल त्यात तुमचं समाधान व्हायचं नाही. फोन मात्र, आहे तो चालत असेल तर चालवा, मरायला टेकला असेल तर मधल्या किमतीतला घ्या आणि घेताना मेगापिक्सल बघू नका, दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन हलत्या माणसाचा फोटो काढून बघा.

कॅमेऱ्यासाठी एकच खर्च करा, एफ १.८ ची एक लेन्स. निकॉनची ५० एमएम एफ १.८ जी. ऐंशी हजारांच्या मानाने बरीच स्वस्त आहे. आणि इथे एक खड्डा आहे तो नीट बघा. त्याच ५० एमएमची एक 'डी' लेन्स पण मिळते, सेकंडहँड बाजारात तर खूप, अजून स्वस्त, आणि दुकानदार म्हणतो "सेमच आहे". सेम नाहीये. तुमच्या डी३३०० च्या आत फोकस फिरवायची मोटर नाही, ती लेन्समध्येच असावी लागते, 'जी' मध्ये आहे, 'डी' मध्ये नाही. 'डी' आणलीत तर प्रत्येक फोटोला हाताने फोकस करत बसाल, मुलगी तोपर्यंत तिल्लाना संपवून मेकअप उतरवायला गेलेली असेल.

ही लेन्स झूम होत नाही, त्यामुळे पुढच्या दोन-तीन रांगांत जागा धरायची. पालकांनी अशी जागा धरण्यात काही गैर नाही, फक्त उभं राहून मागच्यांचं तोंड झाकायचं नाही. डायल एस वर (म्हणजे वेग आपण ठरवायचा), वेग १/२५० सेकंद, आयएसओ (कमी उजेडात सेन्सर किती ताणायचा तो आकडा) ऑटो पण कमाल ३२००, अगदीच अंधार असेल तर ६४००. थोडे दाणे दिसतील फोटोत, दिसू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत. फ्लॅश बंद, तो नाचणाऱ्याच्या डोळ्यात जातो. सलग फोटोंचा मोड लावा, सेकंदाला पाच निघतात. नाचात एक जागा असते जिथे पोझ क्षणभर थांबते, तुम्ही बाप आहात, घरी शंभर वेळा तालीम बघितली असेल, ती जागा तुम्हाला माहीत आहे, फोनच्या ऑटोला नाही माहीत.

पण हे सगळं कॅमेरा धड असेल तर! दोन पावसाळे तो बॅगेत, बॅग कपाटात आणि कपाट चिपळुणात, मला जरा काळजी वाटतेय. आजच काढा. लेन्सची दोन्ही झाकणं काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोत दिसतही नाही, पण वाढते, सर्व्हिसवाल्याकडून साफ करून घ्या आणि खर्च आधी विचारा, किट लेन्सवर जास्त खर्च करण्यात अर्थ नसतो. कोकणात बंद कपाट आणि कापडी किंवा चामड्याची बॅग म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा आणा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी होतं ते, आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं ते ठेवा. काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहिला पाहिजे. जेल गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं, फक्त त्या कढईत नंतर फोडणी करू नका. तांदूळ नको, पीठ सुटतं. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वापरणं, पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून उजेड-वारा लागला तरी बुरशीला बसायला फुरसत मिळत नाही.

एक बारीक गोष्ट. तुमच्या कॅमेऱ्यात वायफाय नाही. मला पैजेवर सांगता येईल की तो मागे पडण्याचं अर्धं कारण हे आहे. फोटो काढले की कार्ड काढा, लॅपटॉप लावा, केबल शोधा, तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर बाकीच्यांचे फोटो येऊन लाइक मिळून पण झालेले असतात. टाइप सी चा छोटा कार्ड रीडर घ्या, काही शे रुपयांत येतो, फोनला लावला की कार्डवरचे फोटो फोनमध्ये. कॅमेरा आणि फोनचं भांडण यातच बरंचसं मिटतं.

लाजेबद्दल. लोक हसतात म्हणता. मला सांगा, मंगलाष्टकं चालू असताना पन्नास हात फोन धरून वर गेलेले असतात तेव्हा कोण हसतं? कोणीच नाही, कारण सगळेच करतात. तुमच्या कॅमेऱ्याला हसणारे हेच लोक दुसऱ्या दिवशी "जरा माझा तो साइडचा पाठव ना" म्हणतात की नाही, आठवून बघा. आणि गंमत म्हणजे शहरातली कॉलेजची मुलं आता जुने छोटे डिजिटल कॅमेरे शोधून शोधून विकत घेतायत, तसला ढगळ फ्लॅशचा फोटो त्यांना आवडतो, माझ्या फुगलेल्या बॅटरीवाल्यालाही भाव आलाय म्हणे. तुमची मुलगी तेरा-चौदाची. तिला कॅमेरा हातात घ्यायला आवडेल का हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाहीये, बहुतेक विचारलेलंच नाही. विचारा.

हे पत्र छापतेय कारण अशी बरीच येतात, प्रश्न जरा इकडे तिकडे. नुकतं बाळ झालंय, कॅमेरा घेऊ का? नका घेऊ, एक हात बाळाला लागतो, फोन एका हाताने चालतो, फक्त त्याची लेन्स रोज पुसा, तेला-दुधाचे हात लागतात आणि मग सगळे फोटो धुक्यातले येतात. आणि तोंडाजवळ नेऊन काढू नका, फोनची मुख्य लेन्स वाइड असते, जवळून नाक मोठं आणि कान गायब होतात, दोन पावलं मागे जाऊन 2एक्स वर काढा. पक्षी बघायला लागलोय, भिगवणला जातो? मग हो, तुम्हाला कॅमेरा आणि लांब लेन्स लागणारच, माझ्या फोनवर भिगवणचे फ्लेमिंगो म्हणजे पाण्यात सांडलेले पोहे दिसतात. ताडोब्याच्या कोअरला जाणार असाल तर सफारीत मोबाईल नेण्यावर बंदी असते, तेव्हा बुकिंग करतानाच नियम बघा, तिथे कॅमेरा नसेल तर फक्त डोळे. घरगुती मसाल्यांचे, साड्यांचे फोटो विकायला टाकायचेत? फोन आणि खिडकीचा उजेड, बस.

आता ती शेवटची ओळ. "असो" लिहून तुम्ही पत्र संपवलंत आणि मी तिथेच अडकले.

दादा, तुमच्या बाबांच्या वेळी कॅमेरा महाग होता, रोल महाग, छत्तीस फोटो, ते पण गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचे. पण रोल संपला की तो धुवायला कोण टाकायचं, पाकीट कोण आणायचं, कुठला फोटो अल्बममध्ये जाईल आणि कुठला पाकिटातच राहील हे कोण ठरवायचं? तुमचे बाबा. प्रत्येक घरात असा एक माणूस असायचा. फोन आला आणि कॅमेऱ्याची जागा त्याने भरली, पण या माणसाची जागा रिकामी पडली. आता घरात चार फोन, हजारो फोटो, आणि आजोबांचा एक नीट फोटो पाहिजे म्हटलं की पेपरात द्यायच्या वेळी सगळे स्क्रोल करत बसतात. तुम्ही फोन की कॅमेरा विचारताय, आणि मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं की बाबांचं हे काम पुराच्या दिवसापासून कोणीच हातात घेतलेलं नाहीये, आणि ते तुम्हाला टोचतंय. मी चुकत असेन तर सांगा.

२२ जुलै २०२१ ला तुमच्या गावाचं काय झालं ते आम्ही टीव्हीवर बघितलं, तुम्ही घरात बघितलंत, त्यामुळे ती पिशवी अजून का उघडली नाही हे मी विचारणार नाही. पण उघडायचं ठरवलंत तर असं करा. पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एखाद्या सकाळी, तोंडाला मास्क लावून, कारण आत बुरशी असणार. पाणी लावू नका. पुराच्या दोन-चार दिवसांत स्वच्छ पाण्यात ठेवून चिकटलेले फोटो सोडवता आले असते, पण बुरशीने फोटोवरचा जिलेटिनचा थर कमजोर केलेला असतो, आता पाणी लागलं तर चित्रच विरघळून जाईल. ओढून पण काढू नका. जे पान जसं आहे तसा आधी त्याचा फोटो काढा, आणि हा फोटो फोनवर काढा, या कामाला फोनसारखं काही नाही. खिडकीजवळ पण थेट ऊन नको, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर, सावली पडणार नाही एवढा लांब. अर्धा चेहरा उरला असेल तर अर्ध्या चेहऱ्याचा काढा. आणि बाबांच्या डब्यांत, ट्रंकेत, पाकिटांच्या मागे निगेटिव्हच्या पट्ट्या आहेत का बघा. बरेच लोक त्या वेगळ्या ठेवायचे. निगेटिव्ह धड असेल तर फोटो परत छापता येतो, अल्बमचं काहीही झालेलं असलं तरी.

मग पैसे कुठे घालायचे ते कळतंय ना? लेन्स झाली. एक हार्ड डिस्क घ्या, नाही, दोन घ्या, आणि दुसरी चिपळूणच्या बाहेर ठेवा, भाच्याकडे पुण्याला, तेवढा तरी त्याचा उपयोग होऊ दे. नुसत्या गूगल फोटोजच्या भरवशावर राहू नका, १ जून २०२१ पासून तिथे अमर्याद फुकट जागा बंद झालीये, पंधरा जीबी भरले की नवे फोटो चढायचे थांबतात आणि आपल्याला महिनोन्महिने पत्ता नसतो. आणि वर्षाला छत्तीस फोटो छापा. एक रोल. चार बाय सहाला १२०० बाय १८०० पिक्सल पुरतात, कुठलाही फोन त्याच्या कितीतरी वर देतो, फक्त छापायचा फोटो व्हॉट्सॅपवरून साधा पाठवलेला नको, तो बारीक होऊन येतो, एचडी करून किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा. छत्तीस निवडायला बसलात की बघा घरात किती भांडणं होतात, छान असतात ती भांडणं.

एक काम मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका. गणपतीला तुमचे काका, आत्या, चुलतभाऊ, सगळे चाकरमानी गावी येणार. ग्रुपवर आत्ताच टाकून ठेवा की येताना आपापल्या घरचा जुना अल्बम घेऊन या. त्या काळात फोटोच्या दोन-तीन कॉप्या काढून नातेवाईकांना द्यायची पद्धत होती, बाबांनीही दिल्या असणार, मुंबईच्या कुणाच्या तरी कपाटात तुमच्या घराच्या जुन्या ओटीचा फोटो कोरडा ठणठणीत बसलेला असेल. दुपारी सगळे आडवे होतात तेव्हा मुलीला आणि भाच्याला खिडकीत बसवा, एक पानं उलटेल, एक फोनवर काढेल. नावं आईंना विचारून तिथल्या तिथे लिहून घ्या, कोण कोणाच्या मांडीवर आहे ते त्यांनाच माहीत असणार.

आणि त्याच दिवशी तो डी३३०० बाहेर काढा. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर दोन पुस्तकं ठेवा, १८-५५ लावा, टायमर दहा सेकंद, सगळे पडवीत. आरती झाली की लगेच घ्या, जेवणं झाल्यावर कोणी उठत नाही.